देठ आणि गाठ : फुप्फुसावरणाच्या साध्या गाठींच्या शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांसाठी

फुप्फुसावरणाच्या साध्या गाठी हा काही गर्दीचा विषय नाही. छातीची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाच्या उभ्या कारकिर्दीत त्या मोजक्याच वेळा समोर येतात. फॅमिली डॉक्टरच्या वाट्याला कदाचित एकही येत नाही, किंवा आलेली ओळखू येत नाही. या गाठींतली प्रमुख म्हणजे सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. वॉर्डात सगळे तिला एसएफटी म्हणतात, मीही तेच म्हणेन. फुप्फुसावरणातून उगवणाऱ्या सगळ्या गाठी मोजल्या तर त्यांत तिचा वाटा शंभरात पाचाहूनही कमी भरतो. मग एवढ्याशा विषयासाठी वेगळा अभ्यास कशाला, असं पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी विचारतात. परीक्षेच्या दृष्टीनं त्यांचा प्रश्न रास्तच आहे. या प्रस्तावनेत मला त्यांना परीक्षेबाहेरचं उत्तर द्यायचं आहे.

उत्तराचं सूत्र आधीच सांगून टाकतो. गाठ म्हटलं की आपण पहिल्यांदा आकार विचारतो. रुग्ण विचारतो, नातेवाईक विचारतात, विभागप्रमुखही विचारतात. इथं आकार बराच फसवा असतो. अर्धी छाती व्यापणारी, दोन-तीन किलोंची गाठ करंगळीएवढ्या देठावर लटकलेली निघते, देठाशी स्टेपलर लावला की सुटते, आणि रुग्ण आठवड्याभरात चालत घरी जातो. याउलट चार सेंटिमीटरची गाठ बरगड्यांच्या आतल्या अंगाला पसरट बैठक मारून बसली असेल, तर ती काढताना बरगडीचा तुकडाही घ्यावा लागतो आणि पुढची अनेक वर्षं तिच्यावर नजर ठेवावी लागते. गाठीला देठ आहे का, तो कुठल्या पदरावर आहे, आणि तो निरोगी काठासकट निघाला का, एवढं ज्यानं नीट पाहिलं त्याला या आजाराची निम्मीअधिक भाकितं बांधता येतात.

त्यासाठी पदर समजून घ्यावे लागतात. एक पदर फुप्फुसाला अंगालगत चिकटलेला असतो आणि त्याच्या खंडांमधल्या फटींतही उतरतो. दुसरा छातीच्या पिंजऱ्याला, श्वासपटलाला आणि मध्यभागी हृदयाच्या बाजूला आतून लागलेला असतो. दोहोंमध्ये जेमतेम दहा-वीस मिलिलिटर द्रव. बाहेरच्या पदराला बरगड्यांमधल्या मज्जातंतूंच्या शाखा मिळतात, म्हणून तो दुखतो. प्लुरसीच्या रुग्णाला श्वासागणिक जी कळ येते ती याचीच. आतल्या पदराला दुखणं कळत नाही. एसएफटी दहांपैकी सुमारे आठ वेळा या मुक्या पदरावरच उगवते. निम्म्याच्या आसपास रुग्णांना काहीच त्रास का नसतो, हे त्यावरून उमगावं. त्यांची गाठ नोकरीच्या नाहीतर दुसऱ्याच एखाद्या ऑपरेशनच्या तपासणीत, छातीच्या साध्या फोटोत सापडते. बाहेरच्या पदरावरच्या गाठी त्या मानानं लवकर बोलतात. वय बहुधा पन्नास ते सत्तर, स्त्री-पुरुष जवळपास सारखेच. तंबाखूशी किंवा ॲस्बेस्टॉसशी तिचं नातं आढळलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं झालं आहे, पण तिथवर पोचायला विकृतिशास्त्राला फार वेळ लागला. गाठीचा वंश कुठला यावर जवळपास शतकभर वाद चालला. 1870 मध्ये वॅग्नर यांनी फुप्फुसावरणाच्या एकाच जागी मर्यादित राहिलेल्या गाठीचं वर्णन केलं, पण वर्गीकरणाचा पाया घातला तो 1931 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या पॉल क्लेम्परर आणि कोलमन रेबिन यांनी. त्यांच्याकडे रुग्ण होते फक्त पाच. तेवढ्यावर त्यांनी म्हटलं की फुप्फुसावरणाच्या मूळ गाठी दोन जातींच्या आहेत : सगळीकडे पसरत जाणारी जात पृष्ठभागावरच्या पेशींतून येते, आणि एका जागी राहणारी जात त्या पेशींखालच्या संयोजी ऊतींतून. पाच रुग्णांवर एवढं धाडसी विधान आज कुठलं नियतकालिक छापेल असं वाटत नाही. ते विधान बरोबर होतं.

मधल्या काळात मात्र ते बाजूला पडलं, आणि त्याला कारण झाला एक अतिशय चांगला प्रयोग. 1942 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आर्थर पर्डी स्टाउट आणि मार्गरेट मरे यांनी गाठीचे तुकडे काचपात्रात वाढवले. उगवलेल्या पेशी त्यांना पृष्ठभागावरच्या मेसोथेलियल पेशींसारख्या दिसल्या. त्यांनी निष्कर्ष काढला की हा एका जागी राहणारा मेसोथेलिओमाच आहे. पुढची चार दशकं पाठ्यपुस्तकांत ‘लोकलाइज्ड’ किंवा ‘बिनाइन’ मेसोथेलिओमा हेच नाव चाललं. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर (हे दुसरे), स्लेग्ज आणि मार्शंड यांचा अभ्यास आला. त्यानं खरा, पसरणारा मेसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसच्या खाणींशी जोडला आणि ते नाव जगभर धास्तीचं झालं. त्यानंतरही साध्या गाठीच्या अहवालावर तोच शब्द लिहिला जात होता. जुन्या फायली चाळताना मला नेहमी वाटतं, त्या कागदानं किती घरांची झोप उडवली असेल.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि त्यामागून प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या पद्धती आल्या. तेव्हा दिसलं की या पेशी केरॅटिन दाखवत नाहीत, म्हणजे पृष्ठपेशी नाहीत. त्या सीडी34 दाखवतात आणि तंतू बनवणाऱ्या पेशींच्या कुळातल्या आहेत. शेवटचा पुरावा 2013 साली आला. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की बाराव्या गुणसूत्रावर शेजारी असलेली नॅब2 आणि स्टॅट6 ही जनुकं या गाठीत उलटी फिरून एकमेकांना जोडली जातात. त्यामुळे स्टॅट6 हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात साचतं आणि प्रथिनं रंगवण्याच्या तपासणीत केंद्रकं तपकिरी दिसतात. आज पॅथॉलॉजिस्टच्या हातातलं सर्वांत भरवशाचं साधन हेच आहे.

यात एक गंमत राहून गेली. स्टाउट आणि मरे यांनी त्याच 1942 साली हिमँजिओपेरिसायटोमा नावाची, रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींची म्हणून आणखी एक गाठ वर्णिली होती. मेंदूच्या आवरणात, पोटामागे, मांडीत तिचे रुग्ण पुढं सापडत राहिले. नॅब2-स्टॅट6ची तपासणी सुरू झाल्यावर कळलं की त्यांतल्या बहुतेक म्हणजे एसएफटीच. एकाच वर्षी, त्याच दोघांनी, एकच गाठ दोन वेगळ्या नावांनी दोन वेगळ्या वंशांत घातली होती. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्यानं हे दोन्ही मूळ निबंध एकापाठोपाठ वाचावेत. निरीक्षण काटेकोर असूनही निष्कर्ष कसा निसटतो, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

आता या गाठीची सर्वांत विलक्षण बाजू. 1930 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मार्शफील्डच्या कार्ल डोगे आणि रॉय पॉटर यांनी वेगवेगळ्या निबंधांत छातीतली मोठी तंतुमय गाठ आणि रक्तातली साखर उतरणं यांची सांगड नोंदवली. आज त्याला डोगे-पॉटर सिंड्रोम म्हणतात. शंभरात पाचाहून कमी रुग्णांत तो दिसतो, आणि तोही बहुतेक मोठ्या गाठींत. रुग्ण पहाटे घामानं भिजतो, बरळतो, कधी त्याला फिट येते. घरचे त्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात, आणि ते चूक आहे असंही म्हणता येत नाही. रक्त तपासलं तर साखर खूप खाली, आणि इन्शुलिनही खाली. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या गाठीत नेमकं उलट असतं, तिथं साखर खाली गेली तरी इन्शुलिन चढं राहतं. हा एक फरक लक्षात ठेवला तर पुढचा शोध पोटाऐवजी छातीकडे वळतो.

मग साखर खातं कोण? गाठ इन्शुलिनसारखाच एक वाढघटक, आयजीएफ-2, अर्धवट घडलेल्या मोठ्या रूपात रक्तात सोडते. नेहमीचा आयजीएफ-2 रक्तात वाहक प्रथिनांना बांधलेला, म्हणजे आवरलेला असतो. हे मोठं रूप त्या बंधनात नीट बसत नाही. ते केशवाहिन्यांतून बाहेर पडतं आणि इन्शुलिनच्याच ग्राहकांवर जाऊन बसतं. स्नायू साखर ओढतात, यकृत साखर सोडणं थांबवतं, वाढीचं संप्रेरक दबतं आणि त्यामुळे आयजीएफ-1ही घसरतो. आयजीएफ-2 आणि आयजीएफ-1 यांचं गुणोत्तर दहाच्या वर गेलं तर निदान जवळपास पक्कं. 2013 च्या शोधानं या साखळीचा वरचा दुवाही जोडून दिला. नॅब2 एरवी ईजीआर1 नावाच्या नियंत्रकाला आवरतं. स्टॅट6शी जोडलं गेलं की तेच त्याला उत्तेजन देऊ लागतं, आणि ईजीआर1च्या हुकमतीखालच्या जनुकांत आयजीएफ-2 आहे. पहाटेच्या फिटपासून गुणसूत्राच्या उलट्या तुकड्यापर्यंत अशी अखंड रेघ वैद्यकात फार थोड्या ठिकाणी ओढता येते.

सर्जनच्या दृष्टीनं यातला खरा चमत्कार ऑपरेशनच्या दिवशीच दिसतो. गाठीची वाहिनी बांधली गेली की काही तासांत साखर सावरू लागते. भूलतज्ज्ञाला हे आधी सांगून ठेवायला हवं, नाहीतर सकाळपासून चालू असलेलं ग्लुकोजचं सलाइन तसंच चालू राहतं आणि संध्याकाळी साखर चढलेली सापडते. काही वर्षांनी पुन्हा साखर उतरू लागली तर स्कॅन करायच्या आधीच ओळखावं की गाठ परतली आहे.

दुसरी खूण हाताची. बोटांची टोकं फुगतात, नखं गोल होतात, मनगट-घोटे दुखतात. साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांत हे दिसतं. बामबर्गर आणि पिअर मारी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णिलेला हाच तो हाडांचा विकार. रुग्ण संधिवाताच्या गोळ्या घेत फिरतो आणि त्याच्या छातीचा फोटो कोणी काढत नाही. गाठ काढली की सांधेदुखी बहुधा लवकर ओसरते. नखांना वेळ लागतो.

निदानाबद्दल बोलताना आपल्या मुलखाचा एक स्वतंत्र मुद्दा येतो. आपल्याकडे छातीच्या फोटोत खाली पांढरं दिसलं की पहिलं नाव क्षयाचं निघतं. छातीत पाणी झालंय, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करा. आकडे पाहता हा अंदाज बहुतेक वेळा खराही ठरतो, म्हणून त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एवढंच सुचवेन की पाणी समजून सुई घातली आणि सुईत काहीच आलं नाही, तर गोळ्यांआधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन व्हावा. द्रव आणि भरीव गाठ यांतला फरक सोनोग्राफी मिनिटात सांगते. आणखी एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे : रुग्णाला कुशीवर करून फोटो पुन्हा काढायचा. देठावरची गाठ छातीत जागा बदलते. फुप्फुसातली किंवा बरगडीतली गाठ अशी फिरत नाही.

सीटी स्कॅनमध्ये रेखीव कडांची, भरीव, रंगद्रव्य दिल्यावर उजळणारी गाठ दिसते. मोठ्या गाठीत मधेमधे न उजळलेले काळसर भाग असतात. मात्र ती फुप्फुसावरणातून निघाली की फुप्फुसातून, हे मोठ्या गाठीत स्कॅनवरून सांगणं अवघड होतं, कारण तिनं सगळे कोन मोडलेले असतात. पेट स्कॅन फारसा निर्णायक नाही. सुईनं नुसत्या पेशी ओढून केलेली तपासणी बहुधा अपुरी पडते, कारण तंतूंच्या मधे पेशी विरळ असतात. जाड सुईनं घेतलेला तुकडा आणि त्यावर स्टॅट6चा रंग एवढं झालं तर नाव कळतं. पण गाठीचा पुढचा स्वभाव एका तुकड्यावरून कळत नाही, कारण एकाच गाठीत शांत भाग आणि माजलेला भाग शेजारी असू शकतात. म्हणून स्कॅनचं चित्र बोलकं असेल आणि रुग्ण ऑपरेशनला तयार असेल, तर सुई न घालता थेट गाठ काढण्याकडे अनेक सर्जन वळतात. माझाही कल तिकडेच आहे. बाहेरच्या पदरावरच्या रुंद गाठींना मात्र मी हा नियम लावत नाही. तिथं बरगड्या घ्यायच्या की नाही हे ठरवायला आधी नाव कळलेलं बरं.

ऑपरेशनच्या पूर्वेतिहासावर एक नजर टाकून पुढं जाऊ. छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटतं, ही अडचण शतकानुशतकं सर्जनना दाराबाहेर ठेवत होती. 1904 मध्ये ब्रेस्लाउला फर्डिनांड साउअरब्रुखनं त्यावर अजब तोडगा काढला. कमी दाबाची एक खोली केली. रुग्णाचं धड आणि सर्जन खोलीत, रुग्णाचं डोकं बाहेर. श्वासनलिकेत नळी घालून दाबानं हवा देण्याच्या पद्धतीनं ती खोली पुढं निकालात काढली. 1949 मध्ये स्वीडनच्या एरिक कार्लेन्सनं दुहेरी मार्गाची नळी आणली. तिचा मूळ हेतू दोन फुप्फुसांचं काम वेगवेगळं मोजणं हा होता, पण सर्जनना तिच्यात एका बाजूचं फुप्फुस शांत ठेवण्याची सोय दिसली. दुर्बिणीची वाट त्याआधीच निघाली होती. स्टॉकहोमच्या हान्स ख्रिस्तियन याकोबेउसनं 1910 मध्ये छातीत दुर्बीण घालून पाहिलं. क्षयरोगातले चिकटलेले पदर दुर्बिणीतून सोडवण्यासाठी तो प्रसिद्ध झाला, पण छातीतल्या गाठींचं निदान आणि शस्त्रक्रिया यांवरही त्यानं 1921 मध्ये आइनार की यांच्यासोबत लिहिलं आहे. आज आपण ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ म्हणून जे करतो ते व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे 1990 नंतर रुळलं. त्याचा हा आजोबा क्षयाच्या वॉर्डातला आहे.

आता टेबलावर. साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतची, देठ असलेली गाठ दुर्बिणीसाठी उत्तम. दुर्बीण आत गेल्यावर गाठीकडे धावायचं नाही, आधी सगळी पोकळी फिरून पाहायची. मग देठ शोधायचा. देठ फुप्फुसावर असेल तर त्याच्या मुळाशी निरोगी फुप्फुसाचा एक ते दोन सेंटिमीटर काठ घेऊन स्टेपलर लावायचा. देठालाच स्टेपलर लावण्याचा मोह होतो, कारण तो सोपा दिसतो. तो आवरायचा. गाठ चिमट्यानं पकडायची नाही, ढकलायची किंवा देठाजवळच्या फुप्फुसाला धरून उचलायची. बाहेर काढताना ती पिशवीत घालूनच काढायची. छिद्राच्या जागी त्वचेखाली गाठ पुन्हा उगवल्याच्या नोंदी आहेत, आणि एवढ्या साध्या आजाराला असा शेवट देण्याचं काही कारण नाही. कापलेल्या कडेवर शंका असेल तर फ्रोझन सेक्शनला पाठवावं. फुप्फुसाच्या दोन खंडांमधल्या फटीत वाढलेली किंवा फुप्फुसात उलटी घुसलेली गाठ कधीकधी खंड काढायला लावते, पण हे क्वचित.

मोठ्या गाठीचं गणित वेगळं. पंधरा-वीस सेंटिमीटरची गाठ असली की छाती उघडल्यावर समोर फक्त गाठ दिसते. देठ तिच्या मागे किंवा खाली, आणि हात फिरवायला जागा नाही. अडचण भूल देतानाच सुरू होते. स्नायू सैल झाल्यावर गाठीचं सगळं वजन मोठ्या शिरांवर आणि श्वासनलिकेवर येऊ शकतं. अशा वेळी भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांनी आदल्या दिवशी एकत्र बसून स्कॅन पाहिलेला असावा. त्वचेच्या एकाच लांब छेदातून बरगड्यांमधल्या दोन फटी, एक वरची आणि एक खालची, उघडण्याची जुनी पद्धत इथं फार उपयोगी पडते : वरून फुप्फुसाचं मूळ हाताशी येतं, खालून श्वासपटल. तुकडे करून काढू या, हा विचार अडचणीत सापडलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो. तो शेवटचा पर्याय असावा, कारण सांडलेल्या पेशी पदरांवर रुजू शकतात.

रक्तस्राव हा इथला खरा शत्रू. मोठी गाठ केवळ देठातून जगत नाही. ती शेजारच्या पदरांना चिकटते आणि बरगड्यांमधल्या, छातीच्या हाडामागच्या, श्वासपटलाच्या, कधी श्वासपटलाखालून येणाऱ्या वाहिन्यांतूनही रक्त ओढते. हे आधी कळावं म्हणून रक्तवाहिन्यांचं स्कॅन करून घ्यावं. मुख्य वाहिन्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आतून बंद करण्याची सोय जिथं आहे तिथं ती जरूर वापरावी. जिथं नाही, तिथून रुग्ण मोठ्या केंद्रात पाठवण्यात कमीपणा नाही. आपल्या रुग्णांत जुन्या क्षयाचे चिकटलेले पदरही मध्येच भेटतात. गाठीच्या चिकटण्यापासून ते वेगळे ओळखणं हे हाताच्या सवयीचं काम आहे, पुस्तकातून ते येत नाही. गाठ निघाल्यावर अनेक महिने मिटून पडलेलं फुप्फुस भूलतज्ज्ञानं हळूहळू फुगवावं. एकदम फुगवलं तर त्यात पाणी भरू शकतं.

बाहेरच्या पदरावरच्या गाठीसाठी पदर छातीच्या भिंतीपासून सोडवत गाठीसकट उचलायचा. तो सुटत नसेल, तर बरगड्यांचा तेवढा भाग एकसंध घ्यायचा. इथं हात आखडला तर हिशेब पुढं चुकवावा लागतो.

किती चुकवावा लागतो याचे आकडे आहेत. 1989 मध्ये इंग्लंड, हॉकहोल्झर आणि मकार्थी यांनी अमेरिकी सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेत जमा झालेल्या 223 गाठी तपासल्या. एवढ्या दुर्मिळ आजाराच्या 223 काचा एका छताखाली असणं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. दाट पेशी, सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या क्षेत्रांत चारांहून अधिक विभागणाऱ्या पेशी, मेलेले भाग, पेशींचे बेढब आकार, रक्तस्राव या खुणांवर त्यांनी 141 गाठी साध्या आणि 82 घातक ठरवल्या. त्या 82 पैकी 45 टक्के रुग्ण केवळ गाठ पूर्ण काढल्यानं बरे झाले, आणि त्यांच्या गाठी बहुधा देठाच्या किंवा रेखीव होत्या. सूक्ष्मदर्शकानं घातक म्हटलेल्या गाठीला देठानं वाचवलं, असा त्याचा अर्थ.

2002 मध्ये टोरांटोच्या मार्क द पेरो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या रुग्णांचा आढावा घेऊन हेच चार ओळींत मांडलं. पूर्ण काढल्यानंतरही गाठ परतण्याचं प्रमाण साध्या-देठाच्या गाठीत 2 टक्के, साध्या-बैठ्या गाठीत 8 टक्के, घातक-देठाच्या गाठीत 14 टक्के आणि घातक-बैठ्या गाठीत 63 टक्के. विद्यार्थ्यांनी काही पाठच करायचं असेल तर हे चार आकडे करावेत. पुढं 2012 मध्ये डेमिको यांच्या गटानं वय, आकार आणि विभागणाऱ्या पेशींची संख्या यांवर गुण देणारी पद्धत मांडली आणि नंतर तीत मेलेल्या भागाची भर घातली. 2013 मध्ये तापियास यांच्या गटानं खास फुप्फुसावरणासाठी आपली पद्धत दिली, आणि तिच्यात बाहेरच्या पदरावरचा उगम आणि देठाचा अभाव यांना स्वतंत्र गुण आहेत. सर्जन म्हणून मला दुसरी जवळची वाटते, कारण तिच्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं फक्त ऑपरेशन करणाऱ्यालाच माहीत असतात. आता साधी आणि घातक अशी सरळ विभागणी सोडून कमी, मध्यम, जास्त धोका अशा भाषेत बोलण्याकडे पॅथॉलॉजिस्टांचा ओढा आहे. रुग्णाला समजावताना मी अजूनही ‘गाठ साधी आहे’ म्हणतो, पण त्याच दमात पुढच्या तपासणीची तारीखही देतो.

इतर साध्या गाठींबद्दल थोडक्यात. चरबीची गाठ सीटी स्कॅनवरच ओळखू येते आणि त्रास नसेल तर तिला हात लावायची घाई नसते. मज्जातंतूच्या आवरणाची गाठ पाठीच्या कण्याजवळ असेल तर आधी एमआरआय करून ती मणक्यांमधल्या छिद्रात शिरली आहे का ते पाहावं. तसं असेल तर मेंदू-मज्जा शल्यतज्ज्ञ सोबत हवा. चुनखडीचे कण असलेली तंतुमय गाठ तरुण वयात, कधी एकाच वेळी अनेक ठिकाणी दिसते. डेस्मॉइड गाठ दूर पसरत नाही, पण जागच्या जागी इतकी हट्टी असते की तिला साधी म्हणवत नाही. एसएफटी म्हणून पाठवलेली गाठ पुढं डेस्मॉइड निघू शकते, म्हणून स्टॅट6 न करता अहवाल स्वीकारू नये.

औषधांचा भाग अजून अपुरा आहे. काढता न येणाऱ्या किंवा दूर पसरलेल्या गाठींत टेमोझोलोमाइड आणि बेव्हासिझुमॅबची जोडी, पाझोपॅनिब, ट्रॅबेक्टेडिन ही औषधं वापरली जातात आणि काहींना काही काळ उपयोगही होतो. किरणोपचाराची जागा निश्चित झालेली नाही. गाठ परतली तरी शक्य असेल तोवर पुन्हा शस्त्रक्रिया हाच उत्तम मार्ग, यावर मात्र या क्षेत्रात फारसं दुमत नाही.

परतण्याचा हा काळ फार लांब असतो. घातक-बैठ्या गाठी बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततात, म्हणून तोवर दर सहा महिन्यांनी स्कॅन आणि पुढं वर्षातून एकदा, असा प्रघात आहे. साधी म्हटलेली गाठ मात्र दहा-पंधरा वर्षांनीही उगवते. तोवर सर्जन निवृत्त झालेला असतो, रुग्ण मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला राहायला गेलेला असतो, आणि फाइल रद्दीत. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘छातीतली गाठ काढली’ एवढंच लिहून सही करू नये. गाठ कुठल्या पदरावर होती, देठ होता की बैठक, कडा मोकळ्या आल्या का, दहा क्षेत्रांत किती पेशी विभागत होत्या, स्टॅट6 आलं का, ऑपरेशनआधी साखर उतरत होती का, हे सगळं त्याच कागदावर लिहावं. आणि पॅराफिन ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत कुठल्या क्रमांकानं ठेवले आहेत, तेही रुग्णाच्या हाती द्यावं.